ढोलकीविना ठेका : ब्लूग्रासची वाजवणारी मंडळी

मागे आपल्या कार्यक्रमात दोन विषयांच्या मधल्या वेळेत आम्ही एक परदेशी धून लावली होती. त्यावर गटांकडून बरीच विचारणा झाली. ते भरभर झिणझिणणारं वाद्य कोणतं, वाजवणारे किती जण, ढोलकी कोणाकडे होती? तर वाजवणारे होते पाच, आणि ढोलकी कोणाकडेच नव्हती. तबला, ड्रम, टाळ, झांज, काहीच नव्हतं. विजेवर चालणारंही काही नव्हतं. सगळी तारांची वाद्यं, लाकडाची, हाताने वाजवायची. मग ठेका आला कुठून? आजचं बोलणं त्यावरच आहे.

या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या आसपासची केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना ही राज्यं म्हणजे छोट्या शेतकऱ्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख. केंटकीला तिथे ‘निळ्या गवताचं राज्य’ असं टोपणनाव आहे. गवत हिरवंच असतं, फुलोऱ्यावर आलं की त्यावर निळसर झाक दिसते एवढंच. त्या राज्यातल्या रोझीन गावी १९११ साली बिल मन्रो जन्मले. त्यांनी आपल्या वादकांच्या संचाला ‘ब्लू ग्रास बॉइज’, म्हणजे निळ्या गवताची पोरं, असं नाव दिलं आणि पुढे त्या नावावरून साऱ्या संगीताचंच नाव पडलं. ‘बॉइज’ हा शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे बोलायचं आहे.

बिल आठ भावंडांत धाकटे. त्यांची आई मलिसा फिडल वाजवत असे, गात असे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. शास्त्रीय मैफलीत ते व्हायोलिन आणि गावातल्या नाचगाण्यात फिडल. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच बळकावलेली, म्हणून धाकट्याच्या वाट्याला उरलेलं मँडोलिन आलं. त्यालाही आठ तारा असतात, पण मोठा आवाज नको म्हणून भावांनी चारच लावू दिल्या असं सांगतात. घरातल्या धाकट्याच्या हाती कुणाला नको असलेली वस्तू पडते, तसलाच हा प्रकार. त्याच मँडोलिनने पुढे सगळ्या संचाचा ताल धरला.

आता ठेक्याचं बोलू. तो नीट कळायचा तर नुसतं वाचून भागणार नाही, गटात करून बघा. सगळ्या जणी मिळून एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार असं मोजा. अर्ध्या जणींनी एक आणि तीनला मांडीवर थाप द्यायची, उरलेल्यांनी दोन आणि चारला टाळी वाजवायची. थाप, टाळी, थाप, टाळी. हाच ब्लूग्रासचा ठेका. थाप देणारं वाद्य म्हणजे बास. व्हायोलिनसारखंच दिसणारं, पण माणसाच्या उंचीचं, उभं ठेवून वाजवायचं. त्याच्या चार जाड तारा बोटांनी ओढून वाजवतात आणि त्यातून खोल, घुमणारा ‘धुम्’ निघतो. टाळी देतं मँडोलिन. मँडोलिनच्या तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात. उजव्या हाताने नखीचा एक झटका सगळ्या जोड्यांवर मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं जराशी सैल करायची, की सूर लांबत नाही, तिथेच तुटतो. नुसता ‘चक्’ ऐकू येतो. धुम्-चक्, धुम्-चक्. ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी ड्रम वाजवतंय. प्रत्यक्षात दोघांनी मिळून एक ड्रम केलेला असतो, आणि दोघांपैकी कुणाच्याही हातात तो नसतो.

यात एक अडचण आहे. ताल एकाच्या हाती असला तर बाकीचे त्याच्यावर विसंबून राहू शकतात. इथे तसं करताच येत नाही. ताल सगळ्यांमध्ये वाटलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्या आत धरून ठेवावा लागतो. एकजण घाईत आला की सगळेच ओढले जातात. बऱ्याच घरगुती संचांत बास सोपा समजून तो बाईच्या हाती देण्याची पद्धत होती. आम्हाला विचाराल तर ही समजूतच उलटी आहे. फिडलवाला एखादा सूर चुकला तर फक्त जाणकाराला कळतं. बास चुकला की सगळ्यांचेच पाय अडखळतात.

आता त्या झिणझिण्या वाद्याकडे येऊ. त्याचं नाव बँजो. नाव ऐकताच तुमच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आली असेल. पण आपल्याकडचा बेंजो वेगळा. तो टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवतात, आणि त्याचं मूळ बुलबुलतरंगात, त्याच्याही मागे जपानी वाद्यात आहे. अमेरिकेतल्या बँजोला डफासारखं गोल तोंड असतं, त्यावर ताणलेला पडदा असतो आणि पुढे लांब मान. पूर्वी पडद्याला वासराचं कातडं लावत, आता बहुतेक प्लॅस्टिक असतं. म्हणजे ढोलकी नाही म्हटलं खरं, पण ढोलकीचं एक नातलग या मंडळीत बसलेलं आहेच.

आणि ते आलं आफ्रिकेतून. पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अमेरिकेत नेलं, तेव्हा त्यांच्याजवळ वस्तू म्हणून काही उरलं नव्हतं. पण भोपळ्यावर कातडं ताणून तारेचं वाद्य कसं बनवायचं हे त्यांच्या हातांना माहीत होतं. त्यातून बँजो झाला. पुढे गोऱ्यांनी तो उचलला, त्याचे कारखाने निघाले, आणि हळूहळू तो गोऱ्या डोंगरी माणसांचंच वाद्य आहे असं लोक मानू लागले. नॉर्थ कॅरोलिनातल्या गायिका आणि बँजोवादक रिआनन गिडन्स यांनी जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवादकाजवळ बसून जुन्या धुना शिकून घेतल्या. बँजोचा हा दडलेला इतिहास त्या मंचावर उभं राहून स्पष्ट सांगत असतात. स्वतः बिल मन्रो यांनीही लहानपणी अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचं गिटार ऐकून पुष्कळ उचललं होतं. तेव्हा ब्लूग्रास एका जातीचं, एका रंगाचं संगीत आहे असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. फिडल युरोपातून आलं, मँडोलिन इटलीतून, बँजो आफ्रिकेतून. डोंगरात ती एकत्र आली.

बँजोला पाच तारा असतात, त्यांतली एक आखूड. तिची खुंटी इतरांसारखी टोकाला नसते, मानेच्या मध्येच कडेला असते. ती तार अंगठ्याने सारखी छेडत राहायची. एकतारीचा सूर भजनात कसा मागे चालू असतो, तसा तो वरचा सूर सगळ्या धुनेत टोचत राहतो. डिसेंबर १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे अर्ल स्क्रग्ज मन्रो यांच्या संचात आले. वय एकवीस. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तिन्हींना नख्या लावून ते अशा गतीने आलटून पालटून वाजवत की सुरांची अखंड सर लागे. धून त्या सरीतच असते, पण ती सुटी काढून दाखवता येत नाही. आपल्या गटाला आठ वादक ऐकू आले ते याच बोटांमुळे. स्क्रग्ज यांचा बँजो, लेस्टर फ्लॅट यांची गिटार, चबी वाइज यांचं फिडल, हॉवर्ड वॉट्स यांचा बास आणि मन्रो यांचं मँडोलिन, हा संच जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं टिकला. १९४८ मध्ये तो फुटला. पण आजही पाचजण ब्लूग्रास वाजवायला बसले की वाद्यं हीच घेतात.

गिटारबद्दल थोडक्यात सांगतो. तिचं काम बास आणि मँडोलिन यांच्या मधली जागा भरायचं, आणि गाण्याची ओळ संपली की खालच्या तारांवर एक छोटी सुरावट वाजवून पुढच्या ओळीला वाट करून द्यायचं. काही संचांत सहावं वाद्य असतं, डोब्रो. तीही गिटारच, पण मांडीवर किंवा पोटाशी आडवी धरून तारांवर लोखंडी कांब सरकवत वाजवतात, त्यामुळे सुराला मींड येते. पोटात धातूची वाटी असते म्हणून आवाज खणखणीत. स्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेल्या डोपेरा भावांनी १९२८ च्या सुमारास ती बनवली, आणि नावही त्यांच्याच आडनावावरून पडलं. आपल्याकडे विश्वमोहन भट्ट मोहनवीणा वाजवतात ती अशाच सरकत्या कांबेवर. त्यांनी आणि डोब्रोवादक जेरी डग्लस यांनी मिळून ध्वनिमुद्रण केलेलं आहे. मुंबईचे झाकिर हुसेन आणि बँजोवादक बेला फ्लेक यांचंही असंच. त्या दोघांच्या, बासवादक एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले.

आता वाटणीचं बोलू. एका धुनेत सगळेजण सारखेच जोरात वाजवत नाहीत. गाणं चालू असताना बाकीचे मागे राहतात. कडवं संपलं की एकाची पाळी येते. तो किंवा ती पुढे येऊन धून आपल्या वाद्यावर आपल्या तऱ्हेने वाजवते, आणि पाळी संपली की पुन्हा मागे जाऊन ठेक्याला लागते. आत्ता सगळ्यांच्या नजरा जिच्यावर होत्या, ती पुढच्या क्षणी दुसरीसाठी ‘चक्’ वाजवत असते.

जुन्या काळात हे सगळं एका मायक्रोफोनवर चाले. रेडिओ केंद्रात माईक एकच असे. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं, पाय होते. जिची पाळी ती पुढे सरकणार, संपली की बाजूला होणार, आणि त्याच वेळी दुसरी खांद्याखालून वाकून आत शिरणार. फिडलचा गज कुणाच्या डोळ्यात जायला नको, बँजोची मान कुणाच्या कानावर आदळायला नको. पुढे प्रत्येकाला वेगळा माईक मिळाला आणि ही हालचाल संपली. नव्वदच्या दशकात डेल मकूरी यांच्यासारख्या मंडळींनी मुद्दाम एका माईकची पद्धत परत आणली. आमच्या केंद्रावरही सुरुवातीला माईक एकच होता, तेव्हा आठ जणींचं गाणं त्याच्यापुढे बसवताना काय कसरत होते ते आम्हाला ठाऊक आहे. दूर उभं राहायला कुणीच तयार नसतं.

रेडिओ नसता तर हे संगीत डोंगराबाहेर गेलंच नसतं. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीने रेडिओ केंद्र काढलं होतं. त्यावर शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ओप्री’ हा गाण्यांचा कार्यक्रम लागे. १९२५ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम आजही चालू आहे. मन्रो १९३९ मध्ये तिथे पोचले. फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी नंतर आपला वेगळा संच काढला, तेव्हा १९५३ पासून त्यांचा पहाटेचा कार्यक्रम मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने चालवला. पहाटे पावणेसहाला, म्हणजे चुली पेटायच्या वेळेला. ऐकणाऱ्या होत्या कणीक मळणाऱ्या बायका, आणि त्यांनीच हे वादक मोठे केले असं म्हटलं तर चूक होणार नाही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, मोठमोठे शास्त्रीय गायक-वादक जिथे मैफली करतात तिथे, यांचा कार्यक्रम झाला. श्रोत्यांनी फर्माईश कशाची केली? पिठाच्या जाहिरातीच्या गाण्याची. मंडळींनी तेही म्हणून दाखवलं.

आता त्या ‘बॉइज’ शब्दाकडे वळू. संचाचं नाव पोरांचं, पण १९४३ ते १९४६ च्या दरम्यान त्यात एक बाई होती. सॅली अ‍ॅन फॉरेस्टर. ती अ‍ॅकॉर्डियन वाजवायची, म्हणजे छातीशी धरून वाजवायची पेटी. गायचीही, आणि तंबूत कार्यक्रम असला की तिकिटांच्या पैशांचा हिशोबही सांभाळायची. फेब्रुवारी १९४५ च्या ध्वनिमुद्रणात तिची पेटी स्पष्ट ऐकू येते. पन्नाशीच्या दशकात त्याच संचात बेसी ली मॉल्डिन बास वाजवत असे. तरीही ब्लूग्रास सुरू कुणी केलं असं विचारलं की पुरुषांचीच नावं पुढे येतात. मर्फी हिक्स हेन्री या बँजोवादक बाईंनी २०१३ मध्ये या विसरलेल्या बायकांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ असा : ‘मुलगी असून बरं वाजवतेस’. मंचावरून उतरल्यावर कौतुक म्हणून बायकांना जे ऐकावं लागे, तेच त्यांनी नाव म्हणून लावलं.

गाण्यातही एक गाठ होती. प्रत्येक गाण्याची पट्टी ठरून गेलेली, आणि ती पुरुषाच्या गळ्याची. ब्लूग्रासमध्ये पुरुष फार उंच पट्टीत गातात. मुख्य गाणारा, त्याच्या वर एक आवाज, खाली एक आवाज, अशी तिघांची जुळणी असते, आणि वरचा आवाज तर अगदी किंचाळीच्या काठावर नेतात. बाईने त्याच पट्टीत गायचं म्हटलं तर एक तर गळा ताणायचा, नाही तर खर्जात शिरायचं. भजनी मंडळात पेटीवाला बुवांच्या पट्टीत बसला की आपलं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. उपाय साधा आहे, पट्टी बदला. बँजो आणि गिटारच्या मानेवर कॅपो नावाचा चिमटा लावला की पट्टी वर जाते, फिडल-मँडोलिनवाल्यांना बोटं बदलावी लागतात. अवघड असं काही नाही, पण ‘माझ्या गळ्याची पट्टी लावा’ असं म्हणायला संचात आपलं वजन लागतं.

ते वजन मिळवणाऱ्यांत हेझल डिकन्स यांचं नाव आम्ही आधी घेऊ. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातलं अकरा भावंडांचं गरीब घर, भाऊ खाणीत कामाला. त्या बाल्टिमोर शहरात येऊन कारखान्यांत राबल्या. तिथे त्यांची गाठ अ‍ॅलिस जेरार्ड यांच्याशी पडली, शिकलेल्या घरातल्या, चार मुलांच्या आई. दोघींनी १९६५ मध्ये आपली पहिली तबकडी काढली, मुख्य आवाज बायकांचे, सूत्रंही बायकांच्याच हाती. हेझल यांचा एक भाऊ कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडून गेला, तेव्हा त्यावर त्यांनी गाणं लिहिलं, आणि पुढे खाण कामगारांच्या संपांत त्या जाऊन गात. आवाज गोड नव्हता. खरखरीत, सरळ छातीत घुसणारा होता. आम्हाला तोच आवडतो.

वाद्यांचं मात्र फार सावकाश झालं. ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे दरवर्षी प्रत्येक वाद्याच्या उत्तम वादकाला मान दिला जातो. बँजोसाठी तो पहिल्यांदा बाईला मिळाला १९९१ मध्ये, अ‍ॅलिसन ब्राऊन यांना. या हार्वर्डला शिकलेल्या, मोठ्या वित्तसंस्थेतली नोकरी सोडून बँजोकडे वळलेल्या. बासचा मान १९९८ मध्ये मिसी रेन्स यांना. त्यानंतर अठरा वर्षं वाद्याचा एकही नवा दरवाजा उघडला नाही. २०१६ मध्ये फिडल बेकी बुलर यांना आणि मँडोलिन सिएरा हल यांना. मग गिटार २०१७ मध्ये मॉली टटल या चोवीस वर्षांच्या मुलीला. अ‍ॅलिसन क्राउस यांच्यासारख्या गायिका-फिडलवादक बाईला तोवर ग्रॅमीवर ग्रॅमी मिळून गेले होते, त्यांची संख्या २७ झाली आहे. म्हणजे बाई गायला चालते, हे जगाने कधीच मान्य केलं होतं. वाजवायला बसली की मोजमाप वेगळं लागायचं.

मॉलीबद्दल आणखी एक. तिसऱ्या वर्षी एका आजाराने तिचे केस गेले ते परत आलेच नाहीत. पुष्कळ वर्षं ती टोपी, मग टोप घालत असे. आता ती कधी कधी भर कार्यक्रमात टोप काढून ठेवते, दोन शब्द त्यावर बोलते आणि पुढची धून सुरू करते. गिटारवरचा हात तसाच चालतो.

‘सिस्टर सेडी’ नावाच्या पाच जणी २०१२ मध्ये नॅशव्हिलच्या एका छोट्या जागी फक्त एका कार्यक्रमापुरत्या एकत्र आल्या होत्या. जमलं, म्हणून राहिल्या. २०२० मध्ये त्याच संघटनेचा सर्वांत मोठा, वर्षातल्या उत्तम संचाचा मान त्यांना मिळाला. पूर्णपणे बायकांच्या संचाला तो पहिल्यांदाच मिळाला.

हे सगळं मंचावरचं. पण अमेरिकेत ब्लूग्रास बहुतेक वाजतं ते मंचाखाली. १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकासल इथे तीन दिवसांचा पहिला मोठा मेळा भरला, आणि तेव्हापासून अशा मेळ्यांना लोक तंबू घेऊन येतात. गाड्या लावायच्या मैदानात, रात्री कंदिलाच्या उजेडात अनोळखी माणसं गोल करून वाजवायला बसतात. नवशिकी असेल तर तिने जरा मागच्या फेरीत उभं राहायचं, हळू ठेका धरायचा आणि पुढचीचा डावा हात बघत राहायचं. जिने गाणं काढलं, ती त्या धुनेपुरती प्रमुख. पट्टी ती सांगते, आणि पाळी कुणाची हे ती मानेने खुणावते. नको असेल तर मान हलवून नाही म्हणता येतं, कुणी वाईट वाटून घेत नाही, पाळी शेजारणीकडे जाते. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, तोंडाने ओरडावं तर कुणाला ऐकू जाणार नाही. म्हणून धून संपवायची वेळ आली की प्रमुख बाई एक पाय जरासा उचलते. ते सगळ्यांना दिसतं, आणि सगळी वाद्यं एकाच ठोक्याला थांबतात.